श्रीपतने रंधा मारलेली सोळा दारं

आमच्या वृद्धाश्रमाच्या हजेरीपटावर श्रीपत ओव्हाळच्या नावापुढे 'सुतार' असं लिहिलेलं होतं. ते त्याचं पद होतं. जातीने तो सुतार नव्हता, आणि ही गोष्ट लोकांनी त्याला बराच काळ विसरू दिली नाही.

त्याचं गाव पळसदरीच्या धरणाच्या अंगाला. घर बौद्धवाडीत. चौदा वर्षांचा असताना तो गावच्या सुताराकडे काम शिकायला गेला होता. सुतार म्हणाला, "दारं बनवायला शिकशील रं, पन बसवशील कुनाच्या घरात?" श्रीपत परत आला. मग कर्जतला लाकडाच्या वखारीत ओझी उचलायला लागला आणि करवतीवर काम करणाऱ्यांचे हात बघत बघत शिकला. पुढे उल्हासनगरला फर्निचरच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. गावी परतला तेव्हा पंचक्रोशीत त्याच्याइतका स्वच्छ सांधा कुणाला जमत नव्हता.

आमच्याकडे भात पिकवणाऱ्या गावांत आषाढात एक काम ठरलेलं असतं. लावणी संपते, पाऊस थांबत नाही आणि घरोघरची दारं फुगतात. मग सुताराला बोलावतात. तो दार बिजागरीतून काढतो, ओट्यावर आडवं घालतो, कडेला रंधा मारतो आणि पुन्हा बसवतो. हिवाळ्यात लाकूड आकसलं की फट पडते, तिच्याकडे कुणी बघत नाही. फटीतून थोडा वारा येतो, एवढंच. चाळिशीत पोहोचेपर्यंत श्रीपतला ज्या घरांनी लहानपणी अंगणाच्या पुढे येऊ दिलं नव्हतं, त्या घरांतूनही या कामासाठी निरोप येऊ लागला. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही स्क्रू घट्ट करता करता. म्हणाला, "चौकटीच्या आत उभं राहून रंधा मारलाय साहेब, त्याच घरात."

सायंनिवास हा आमचा वृद्धाश्रम कर्जतहून पळसदरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तळमजला आणि वर तीन मजले. राहणारी मंडळी बहुतेक मुंबईतून निवृत्त होऊन आलेली. मी इथे लेखा आणि प्रशासन पाहतो. श्रीपत २०११ साली आला, म्हणजे आश्रम सुरू झाला त्याच वर्षी. नळ, कुलपं, खाटा, कपाटं, खिडक्या सगळं त्याच्याकडे.

२०१५ च्या उन्हाळ्यात ट्रस्टने इमारतीला आगरोधक दारं बसवली. प्रत्येक मजल्यावर चार: दोन्ही जिन्यांना एकेक, विजेच्या खोलीला एक आणि मार्गिकेच्या मधोमध एक. एकूण सोळा. आग लागली तर ती आणि धूर एका भागातून दुसऱ्या भागात लवकर जाऊ नये, माणसांना बाहेर पडायला अवधी मिळावा, म्हणून ही दारं असतात. जाड लाकडी, आत न जळणारा भराव, वर स्वतःहून बंद करणारा क्लोजर. दाराच्या कडेला खाच आणि खाचेत बोटाच्या रुंदीची काळी पट्टी.

दारांबरोबर अकरा पानांची इंग्रजी पुस्तिका आली होती. मी ती पंच करून चौदा नंबरच्या फायलीत लावली. फायलीवर 'इमारत : दारे व खिडक्या' असं लिहिलेलं आहे. श्रीपतसाठी मी मराठीत एक मासिक तक्ता तयार केला. त्यात चार रकाने होते: दार पूर्ण बंद होते का, कडी चालते का, क्लोजर ठीक आहे का, स्वच्छता. श्रीपत दर महिन्याच्या पाच तारखेला सोळाही दारांपुढे बरोबरची खूण करून तक्ता आणून द्यायचा. मी सही करायचो. हे तक्ते मी वर्षवार लावून ठेवले आहेत, एकही महिना गहाळ नाही.

पहिल्याच पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सुनिताबाई कर्णिक कार्यालयात आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा सत्याहत्तरच्या होत्या, वॉकर घेऊन चालायच्या. त्यांची खोली आणि लिफ्ट यांच्या मध्ये मार्गिकेतलं दार यायचं. खाली बागेत जायचं तर ते ढकलल्याशिवाय सुटका नव्हती.

"तुमचं ते नवीन दार माझ्याशी भांडतं," त्या म्हणाल्या. "एका हाताने वॉकर धरू की दार?"

मी श्रीपतला सांगितलं. तो वर जाऊन आला.

"फुगलंय साहेब. चौकटीला घासतंय. पार बसतही नाय धड. रंधा मारतो."

"मार," मी म्हणालो.

संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा मार्गिकेत लाकडाच्या कुरळ्या साली पसरल्या होत्या. सुनिताबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या आणि श्रीपतला बजावत होत्या, "ओळ सरळ येऊ दे रे. वाकडी आली तर परत काढायला लावीन."

"बाई, तुमी शाळंत असत्या तर मी दहावी झालो असतो," श्रीपत म्हणाला.

"किंवा पळून गेला असतास."

मी सालींवरून पाय उचलून पलीकडे गेलो आणि श्रीपतला म्हणालो, झाडून घे. दार एका बोटाने उघडू लागलं आणि अलगद बंदही होऊ लागलं. त्या महिन्याच्या तक्त्यात 'दार पूर्ण बंद होते का' या रकान्यात त्याने खूण केली. ती खरी होती.

पुढे दर आषाढात हेच होत गेलं. एकेका वर्षी पाव सूत, कधी त्याहून कमी. सुतारकामात सूत हे माप चालतं, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. रंधा मारताना कडेची काळी पट्टी मध्ये येत होती, म्हणून ती त्याने काढली. हे मला नंतर कळलं. पण पुढच्या पानावरची गोष्ट आधी सांगण्यात अर्थ नाही.

वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवाना असलेल्या संस्थेकडून आगीच्या व्यवस्थेची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. आमच्याकडे ज्या संस्थेचा माणूस यायचा तो सिलिंडर मोजायचा, पंप चालू करून बघायचा, चहा घ्यायचा आणि दाखला पाठवायचा. दारांकडे त्याने नऊ वर्षांत मान वळवली नाही. २०२४ च्या जानेवारीत ती संस्था बंद झाली आणि दुसरी आली. तिच्याकडून विनिता नावाची मुलगी आली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, नेरळला राहणारी, पायात जाड बूट, हातात टॉर्च आणि गळ्यात फट मोजायची, पायऱ्या पायऱ्यांची एक छोटी प्लास्टिकची पट्टी अडकवलेली.

फाटकावरचा पहारेकरी दशरथ श्रीपतला म्हणाला, "दादा, आज तुमची परीक्षा हाय म्हनं. कॉपी घेतली का बरोबर?"

"माझं पेपर भिताडावर टांगलेत रं," श्रीपत म्हणाला. "बघू दे कुनालाबी."

तो खुशीत होता आणि त्याला कारण होतं. ऑगस्टअखेर तो साठ वर्षांचा होऊन निवृत्त होणार होता. खालापूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात सप्टेंबरपासून सुतारकामाचा वर्ग सुरू होणार होता. तिथल्या प्रमुखांनी आश्रमातलं त्याने केलेलं औषधांचं कपाट पाहिलं होतं आणि शिकवायला याल का, असं विचारलं होतं. अट एकच, आश्रमाकडून कामाचा चांगला दाखला आणायचा. हे त्याने त्याची बायको येसूबाई आणि मी, असं दोघांनाच सांगितलं होतं. ज्याला गावात कुणी रंधा हातात धरू दिला नव्हता, त्याला लोक आता 'सर' म्हणणार होते. तो मला म्हणालाही होता, "साहेब, दाखला तुमीच लिवनार ना? जरा चांगल्या शब्दांत लिवा. मला वाचून दाखवायला लाज वाटंल इतका."

विनिताने वरून सुरुवात केली. मी आणि श्रीपत मागे होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पहिल्या दाराशी थांबून गळ्यातली पट्टी दार आणि चौकटीच्या मध्ये सरकवली. पट्टी आत गेली, अजून आत गेली. तिने आकडा लिहिला आणि मला दाखवला.

"तीन, फार तर चार मिलिमीटर चालतं सर. इथे आठ आहे."

मग ती दारापलीकडे गेली, दार लावून घेतलं आणि श्रीपतला म्हणाली, "काका, टॉर्च कडेने फिरवा."

दार उघडून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोंधळ होता. "वरपासून खालपर्यंत उजेड दिसतोय. आणि काका, कडेची काळी पट्टी कुठंय?"

"कुटली पट्टी ताई?"

"खाचेत असते बघा. रबरासारखी."

"ती होय," श्रीपत म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही अडचण नव्हती. "ती काडून ठिवलीय मी. सगळ्या हायत. सोळाच्या सोळा, बिस्किटाच्या डब्यात. कंपनीची वस्तू, टाकायची कशी?"

 विनिताने पुढच्या दाराशी जाऊन गळ्यातली पट्टी फटीत सरकवली.

सोळाही दारं झाली. जुलैत आली असती तर फुगलेल्या लाकडात तिला फट कदाचित एवढी दिसली नसती. जानेवारीच्या कोरड्या हवेत ती लपायला जागा नव्हती. तपासणी संपल्यावर ती कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसली आणि श्रीपतने तिला चहा आणून दिला. मी आतून ऐकत होतो.

"काका, आग लागली की आधी धूर येतो. माणसं बहुतेक धुराने जातात. ती काळी पट्टी गरम झाली की फुगते आणि फट बुजवते. म्हणून ती असते."

"फुगते?"

"हो. जाडजूड होते."

"म्हंजे लाकूड पावसात फुगतं तशी?"

"तशीच. पण उष्णतेने. लाकूड थोडं फुगतं, ही कितीतरी पट फुगते. आणि दार तेवढं जवळ असेल तरच तिला ते जमतं."

श्रीपत म्हणाला, "म्हंजे फुगायचं ते मी काडून टाकलं, आन वर फटबी ठिवली."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

 मी चौदा नंबरची फाइल काढली. पुस्तिकेच्या सातव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत छापलेलं होतं की दाराच्या कडा रंधू नयेत, पट्टी काढू नये, तिच्यावर रंग देऊ नये, दार अडत असल्यास उत्पादकास कळवावे. पान अगदी कोरं करकरीत होतं. पंचाची दोन भोकं सोडली तर त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

दाखला नाकारला गेला. नव्वद दिवसांत सोळाही दारं बदलायची, असं अहवालात होतं. ट्रस्टची बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी झाली. अध्यक्षस्थानी कमलेशशेठ. त्यांचं कर्जत बाजारपेठेत सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, आश्रमासाठी त्यांनी पदरचा बराच पैसा घातला आहे. पण कागदावर एक नाव आल्याशिवाय त्यांना विषय संपल्यासारखा वाटत नाही.

श्रीपतला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि बरोबर बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्याने तो टेबलावर ठेवून उघडला. आत काळ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या होत्या. एकेका दाराची वेगळी बांधलेली, प्रत्येक गुंडाळीला दोरा आणि दोऱ्यात कागदाचा तुकडा. तुकड्यावर पेन्सिलीने मजला आणि दार. 'दोन, पूर्व जिना.' 'तीन, विजेची खोली.' मी आयुष्यभर कागद लावत आलो, पण इतकी व्यवस्थित मांडणी माझ्याच्याने झाली असती असं वाटत नाही.

"या तू काढल्यास?" कमलेशशेठनी विचारलं.

"व्हय शेठ."

"कुणाला विचारून?"

"दार अडत व्हतं शेठ. म्हातारी मानसं, त्यांना रेटत नव्हतं. दार अडलं तर सुतारानं कुनाला इचारायचं?"

एक विश्वस्त हसले. कमलेशशेठ हसले नाहीत. श्रीपतने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो नसतो, असं मला नंतर वाटलं. त्याने नजर डब्यावर ठेवली होती, म्हणून मी बोललो.

"कंपनीची पुस्तिका आली होती," मी म्हणालो. "त्यात रंधा मारू नये, असं लिहिलंय. ती माझ्या फायलीत आहे. मी श्रीपतला दाखवली नव्हती. मासिक तक्ता मी केला, त्यात फटीचा रकाना नव्हता."

"पुस्तिका इंग्रजीत आहे ना?"

"हो."

"मग दाखवून काय उपयोग होता?"

"मी मराठीत सांगू शकलो असतो."

कमलेशशेठनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही हिशेबाचे माणूस. कागद सांभाळणं तुमचं काम, तो तुम्ही सांभाळलात. आजही लगेच सापडला. लिहा, पुस्तिका कार्यालयात उपलब्ध होती."

इतिवृत्त मीच लिहीत होतो. मी लिहिलं, 'पुस्तिका कार्यालयात उपलब्ध होती.' वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं आणि तेही मी लिहिलं: 'तथापि संबंधित कर्मचाऱ्याने तिचा आधार न घेता परस्पर दारांमध्ये बदल केले.' मी त्याच्या बाजूने म्हणून जे बोललो होतो, ते असं फिरून त्याच्याच अंगावर गेलं. माझं अक्षर चांगलं आहे. ते पान आजही वाचायला अडचण येत नाही.

नोकरीवरून काढायचं नाही, उरलेले महिने बागेचं आणि पंपाचं काम द्यायचं, असं ठरलं. बाहेर आल्यावर श्रीपत म्हणाला, "साहेब, तुमी कशाला मधी पडलात? रंधा मी मारला. कागदानं नाय मारला."

एप्रिलमध्ये नवी दारं आली. लोखंडी, करड्या रंगाची, कंपनीची माणसं घेऊनच. प्रत्येक दारावर इतर कुणी हात लावू नये, अशी चिठ्ठी होती. श्रीपत बागेतून पाण्याची नळी हातात धरून वर बघत उभा राहायचा. विनिता पुन्हा तपासणीला आली आणि सोळाही दारं पास झाली. तिने जाताना एक सूचना लिहून दिली: मार्गिकेतली दारं चुंबकाने उघडी धरून ठेवता येतात, धोक्याची घंटा वाजली की ती आपोआप सुटून बंद होतात, वृद्धांच्या सोयीसाठी तसं करावं. सूचना बैठकीपुढे ठेवली. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

नवी दारं जुन्यांपेक्षा जड. सुनिताबाई तेव्हा शहाऐंशीच्या होत्या. पहिले काही दिवस त्या दाराशी येऊन कुणी येतंय का वाट बघायच्या. मग बागेत येणं बंद झालं. दुपारी खिडकीतून खाली बघायच्या. एकदा श्रीपत जास्वंदीला पाणी घालत होता, तेव्हा वरून म्हणाल्या, "श्रीपत, दार परत भांडायला लागलंय रे."

"बाई, आता त्याला मारायला बंदी हाय," तो म्हणाला. थोड्या वेळाने नळी बंद करून वर गेला, दार धरून उभा राहिला आणि त्यांना खाली घेऊन आला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रोज साडेपाचला तो हे करत असे. हे काम कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

काढलेली दारं स्वयंपाकघरामागे ताडपत्रीखाली रचून ठेवली होती. दशरथने त्यातलं एक फोडून बंबात घातलं. लाकडी कड जळाली, आतला भराव काही केल्या पेटेना, नुसता काळा पडून राहिला.

"दादा," दशरथने हाक मारली, "तुमच्या दाराला तर आगच लागत नाय. मग नापास कशापायी केलं रं त्यांनी?"

"आग दारातनं येत नाय दशरथ," श्रीपत म्हणाला. "फटीतनं येते."

हे त्याने चिडून म्हटलं नाही. वर्गात शिकवावं तसं म्हटलं. मी कार्यालयाच्या खिडकीशी होतो. तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता खरंच शिकवायला तयार झाला आहे.

ऑगस्टमध्ये मी दाखला लिहिला. तेरा वर्षांची सेवा, कामातली सफाई, वेळ पाळणं, वृद्धांशी वागणं, सगळं लिहिलं. एक ओळ अशीही लिहिली की त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यास केवळ कारागिरीच नव्हे तर सचोटीही शिकता येईल. कमलेशशेठकडून मसुदा परत आला. ती ओळ खोडलेली होती आणि खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'इतिवृत्ताशी सुसंगत ठेवा.' मी त्यांना दुकानात जाऊन भेटलो. ते म्हणाले, "उद्या त्याने तिथे काही चूक केली आणि त्यांनी आपल्याला विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, तर? सही माझी असणार आहे." याला माझ्याकडे उत्तर होतं का? होतं. पण मला ते तिथे उभं राहून देता आलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं.

दुसरा मसुदा मी टाइप केला. श्रीपतने तो माझ्यासमोर उभं राहून, ओठ हलवत, एकदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

'तथापि, जानेवारी २०२४ च्या तपासणीत त्यांच्या देखरेखीखालील आगरोधक दारांच्या देखभालीत गंभीर त्रुटी आढळून आल्या.'

"बाकीचं चांगलं लिवलंय साहेब," तो म्हणाला.

"केंद्रातल्या प्रमुखांशी मी स्वतः बोलतो. फोन करतो."

"नको. काय सांगाल तुमी?" त्याने कागदाची चौकोनी घडी घातली. "पोरांनी इचारलं, सर, दाराला किती सूत सोडायचं, तर मी काय सांगू? घराला दोन सोडा, दवाखान्याला एक सोडा? मला नऊ वर्सं कळलं नाय, त्यांना कुटल्या तोंडानं शिकवू?"

"आता तुला कळलंय ना."

"आता कळलंय. पन कागदावर 'तवा कळलं नव्हतं' असं हाय."

निरोपाच्या दिवशी सुनिताबाईंनी त्याला पेन दिलं. तो खालापूरला गेला नाही. केंद्राने महिनाभर वाट पाहून दुसरा माणूस घेतला. मी फोन केला नाही. त्याने नको म्हटलं होतं, हे खरं. पण त्याने नको म्हटलं नसतं तर केला असता का, हे मला सांगता येत नाही.

यंदाच्या जुलैत मी त्याच्या घरी गेलो. पुढच्या मार्चमध्ये माझीही निवृत्ती आहे, म्हणून फायली लावताना चौदा नंबरची पुन्हा हातात आली होती. सातव्या पानाचं मी मराठी करून घरच्या कागदावर टाइप केलं. कुणी मागितलं नव्हतं. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतला.

येसूबाईने बसायला पाट दिला आणि चहा ठेवला. पाऊस चालू होता. श्रीपत भिंतीला टेकून बसला होता, बारीक झाला होता. सुनिताबाई एप्रिलमध्ये वारल्याचं मी सांगितलं. त्याला ते कळलेलं होतं. "शेवटी शेवटी खाली येत व्हत्या का?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

मी कागद काढून दिला. त्याने चष्मा लावून सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग कागद गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केला.

"सोपं लिवलंय," तो म्हणाला. "मला समाजलं सगळं. हे तवा पायजे व्हतं, साहेब."

"हो."

"एकच पान हाय."

"हो. एकच."

तो उठला, फळीवरून बिस्किटाचा डबा काढला, कागद त्यात ठेवला आणि झाकण लावलं. आत गुंडाळ्या दिसल्या आणि त्यांच्यावर चौकोनी घडीचा दाखलाही दिसला.

"तुमीच सांगा भाऊ यास्नी," येसूबाई चुलीजवळून म्हणाली. "वाडीतनं निरोप येतात, जात नाय. सोळा दारं केली लोकांची, घरचं येक हाय ते करत नाय. पंधरा दिस झालं, रात्री दाराला पाटा लावून झोपतो आमी."

"रंधा कुठंय?" मी विचारलं.

"दिला," श्रीपत म्हणाला. कुणाला ते त्याने सांगितलं नाही.

चहा झाला. मी निघालो तेव्हा येसूबाई म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या भाऊ. बसत नाय, पन ओढा. पानी आत येतंय."

मी ओढलं. वरच्या कोपऱ्यात ते चौकटीला अडलं. खांदा लावून रेटलं, तेव्हा लाकूड करकरलं आणि तिथेच थांबलं. हातभर उघडंच राहिलं. मी पुन्हा रेटणार, तोच आतून श्रीपतचा आवाज आला.

"राहू द्या साहेब. फुगलंय ते. दिवाळीनंतर बसंल आपलं आपण."

उंबऱ्यावर पाणी साचत होतं. मी दार तसंच सोडलं आणि छत्री उघडली.